काटा शून्यावर, तरी गाडी चालूच! डॅशबोर्डवरचा ‘रेंज’चा आकडा इतका घाबरट का असतो?

जुलै २०२२ मध्ये केरळमधल्या एका चलनाचा फोटो सोशल मीडियावर तुफान फिरला होता. बुलेटवरून जाणाऱ्या एका तरुणाला २५० रुपयांचा दंड झाला होता आणि चलनावर कारण छापलं होतं, पुरेसं इंधन नसताना प्रवासी घेऊन गाडी चालवणे. मग काय, मीम्सचा पाऊस पडला. पेट्रोलने शंभरी कधीच ओलांडली होती, त्यात आता टाकी भरली नाही म्हणूनही दंड भरायचा का, असं लोक विचारायला लागले.

नंतर बातम्यांमधून उलगडा झाला. हा गडी वन-वेमध्ये उलट्या बाजूने आला होता आणि चलन फाडताना भलतंच कारण निवडलं गेलं होतं. कमी इंधनाचा तो नियम खरा आहे, पण प्रवासी वाहतूक करणाऱ्या गाड्यांसाठी. बस किंवा टॅक्सी अर्ध्या वाटेत बंद पडून प्रवाशांचे हाल होऊ नयेत, हा त्यामागचा उद्देश.

विषय तिथेच संपला. पण मीम्सच्या गर्दीत एक साधा प्रश्न राहून गेला. ‘पुरेसं इंधन’ म्हणजे नक्की किती? ते कोण ठरवतं?

रोजच्या व्यवहारात याचं उत्तर देतो तुमच्या समोरचा डॅशबोर्ड. तिथे पेट्रोल पंपाचं पिवळं चित्र लागतं, टिंग असा आवाज येतो, आणि ‘डिस्टन्स टू एम्प्टी’ म्हणजे टाकी रिकामी होईपर्यंतचं अंतर झपाझप खाली येतं. ४०, २५, १०. काही गाड्यांमध्ये तर ठरावीक आकड्याच्या खाली गेलं की किलोमीटर दिसायचेच बंद होतात आणि नुसत्या तीन आडव्या रेघा दिसतात. चालवणारा घामाघूम. आणि पंपावर जाऊन टाकी फुल केली तर कळतं, ३७ लिटरच्या टाकीत ३३ लिटरच मावलं. म्हणजे ४ लिटर आतच होतं. साध्या हॅचबॅकसाठी ते सहज ६०-७० किलोमीटरचं पेट्रोल झालं.

मग गाडी खोटं का बोलली?

टाकीत नक्की काय चालतं?

आधी हे बघू, की गाडीला टाकीत किती पेट्रोल आहे हे कळतं कसं. यंत्रणा अगदी गावठी आहे. टाकीत एक फ्लोट म्हणजे तरंगणारा तुकडा असतो, तो एका दांडीला जोडलेला असतो. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली जातो, दांडी फिरते आणि तिच्या दुसऱ्या टोकाला असलेला विजेचा रोध बदलतो. तो बदल मोजून डॅशबोर्डवरचा काटा हलतो. घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला फ्लोट बघितला असेल, तर अर्धी गोष्ट तुम्हाला आधीच माहीत आहे.

फरक एवढाच, की गच्चीवरची टाकी एका जागी उभी असते आणि तिचा आकार सरळ असतो. गाडीची टाकी मागच्या सीटखाली, एक्झॉस्ट आणि चेसिसच्या मधून वाट काढत बसवलेली असते. तिला खड्डे असतात, उंचवटे असतात. त्यामुळे फ्लोट एक सेंटिमीटर खाली आला म्हणजे किती लिटर कमी झालं, याचं उत्तर वर वेगळं आणि तळाला वेगळं. त्यात गाडी चढावर असली की सगळं पेट्रोल एका बाजूला, ब्रेक मारला की दुसऱ्या बाजूला. म्हणून तर चढावर लागलेला दिवा सपाटीवर आल्यावर विझतो आणि आपल्याला वाटतं देव पावला.

काटा सारखा नाचू नये म्हणून गाडीचा कॉम्प्युटर या सगळ्या हेलकाव्यांची सरासरी काढतो आणि आकडा संथपणे बदलतो. टाकी फुल केल्यावर सुरुवातीचे बरेच किलोमीटर काटा ‘एफ’वरून हलतच नाही, तेही यातलंच. फ्लोट त्याच्या वरच्या टोकाला आधीच पोहोचलेला असतो आणि त्याच्याही वर पेट्रोल असतं. पंपवाल्याने जास्त भरलं म्हणून खूश होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

म्हणजे मोजमापच मुळात ढोबळ. आता या ढोबळ मापावर दुसरा ढोबळ आकडा चढवला जातो.

घाटात किलोमीटर कुठे जातात?

‘डिस्टन्स टू एम्प्टी’चं गणित शाळेतल्या मुलाला येईल असं आहे. उरलेले लिटर गुणिले एका लिटरला मिळणारे किलोमीटर. पण कुठलं मायलेज धरायचं? कंपनीने जाहिरातीत दिलेलं धरलं तर भांडणं होतील. म्हणून गाडी तुमचं अलीकडचं ड्रायव्हिंग बघते, शेवटच्या काही किलोमीटरची सरासरी काढते आणि पुढचा रस्ताही असाच असेल असं गृहीत धरते.

आपल्याकडे हे गृहीतक फार टिकत नाही. समजा, तुम्ही मुंबईहून पुण्याला निघालात. खोपोलीच्या अलीकडे टाकीत ५ लिटर उरलंय आणि गाडी लिटरला १८ किलोमीटर देतेय. सरळ हिशोबाने ९० किलोमीटर व्हायला हवेत. पण कंपनीने त्यातले २ लिटर गाठीला बांधून ठेवलेत, ते ती मोजतच नाही. म्हणून तुम्हाला दिसतात ५४. (हे आकडे केवळ हिशोबापुरते, गाडीगणिक ते बदलतात.)

आता बोरघाट चढायला घ्या. चढावर गाडी लिटरला ९ वर आली आणि १५ किलोमीटरमध्ये साधारण पावणेदोन लिटर प्यायली. लोणावळ्याला पोहोचता तेव्हा टाकीत सव्वातीन लिटरच्या वर आहे. त्यातले २ लिटर गाठीला, उरले १.३. अलीकडची सरासरी १८ वरून १२ वर घसरलेली. गुणाकार करा, डॅशबोर्डवर येतात जेमतेम १६ किलोमीटर.

म्हणजे गाडी चालली १५ किलोमीटर आणि आकडा उतरला ३८ ने! बायको म्हणणार, आधीच भरायला सांगितलं होतं. पण खरी परिस्थिती बघा. घाट संपला, पुढे रस्ता सोपा आहे, गाडी परत १८ देणार, म्हणजे टाकीत अजून ६० च्या आसपास किलोमीटर आहेत. पुण्याचा पल्ला त्यात बसतो. उलट पुण्याहून मुंबईला येताना घाट उतरताना हाच आकडा वाढत जातो. गाडी पेट्रोल बनवतेय की काय असं वाटावं.

कॉम्प्युटरची यात चूक नाही. त्याला पुढचा रस्ता दिसत नाही, तो मागचा रस्ता बघून पुढचं सांगतोय. आपण त्याला मोजमाप समजतो, तो खरं तर अंदाज आहे. त्यावर कंपनीचा गुपचूप काढलेला वाटा.

पण वाटा काढून ठेवायचाच कशाला?

कारण कंपनीच्या बाजूने बघितलं तर दोन्ही चुका सारख्या नाहीत. आकडा कमी दाखवला तर काय होईल? तुम्ही दहा मिनिटं आधी पंपावर जाल आणि थोडी कुरकुर कराल. आकडा जास्त दाखवला तर? रात्री अकरा वाजता, आडरस्त्याला, घरच्यांसोबत गाडी बंद. व्हिडिओ निघणार, कंपनीला टॅग होणार. कुठलाही इंजिनिअर यातली पहिली चूक निवडणार.

दुसरं कारण टाकीच्या आतलं. हल्लीच्या पेट्रोल गाड्यांमध्ये फ्युएल पंप विजेवर चालतो आणि टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. पेट्रोलमुळेच तो थंड राहतो आणि त्यातूनच त्याला वंगण मिळतं. टाकी सारखी तळाला नेली, पंपात हवा जायला लागली, तर तो तापतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. डिझेल गाडीचं दुखणं वेगळं. ती पूर्ण कोरडी पडली तर इंधनाच्या लाइनमध्ये हवा शिरते. मग नुसतं कॅनमधून डिझेल ओतून भागत नाही. ‘एअर काढावी’ लागते, आणि ते काम हायवेच्या कडेला मोबाईलच्या टॉर्चमध्ये करणं ही काही चांगली संध्याकाळ नसते.

या निमित्ताने एक जुना समज बाजूला ठेवू. रिझर्व्हमध्ये गाडी चालवली की तळाची घाण इंजिनात जाते, असं सर्रास सांगितलं जातं. पण पंप कायमच टाकीच्या तळाजवळून पेट्रोल ओढत असतो, टाकी भरलेली असो वा रिकामी. मध्ये फिल्टरही असतात. खरी भीती कोरड्या पंपाची आहे.

म्हणजे सावध राहण्याला कारण आहे. ते नाकारायचं नाही. अडचण आहे ती हा सावधपणा लपवून ठेवण्यात.

तो कॉक आठवतोय?

ज्यांनी बजाज चेतक, प्रिया किंवा जुनी हिरो होंडा चालवली आहे, त्यांना ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे वाक्य नीट माहीत आहे. तेव्हा ना सेन्सर होता ना अंदाज. टाकीखाली एक कॉक असायचा. टाकीच्या आत पेट्रोल घेणारी दोन तोंडं, एक थोडं वर आणि एक तळाला. वरच्या तोंडाखाली पेट्रोल गेलं की गाडी आचके द्यायची. चालवणारा खाली हात घालून, रस्त्यावरून नजर न हटवता, कॉक फिरवायचा आणि गाडी पुन्हा पळायला लागायची. तेही संपलं तर स्कूटर एका बाजूला आडवी करायची, कोपऱ्यातलं घोटभर पेट्रोल खाली आलं की पंप गाठायचा.

ही पद्धत काही फार सोयीची नव्हती. चालत्या ट्रकच्या मागे गाडीने आचका दिला की काळजात धस्स व्हायचं. पण तिचा एक गुण आज सापडत नाही. रिझर्व्हमध्ये किती पेट्रोल आहे, हे ठरलेलं होतं. दर वेळी तेवढंच. एक-दोन वेळा रिझर्व्हला लागली की माणसाला कळायचं, आपली गाडी इथून पुढे इतकी चालते. चेतावणी आणि साठा, दोन्ही समोर होते.

कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाल्यावर तर दुचाक्यांमध्येही ते जवळपास सगळीकडे आलं. इंजेक्शनला दाबाखाली पेट्रोल लागतं, त्यासाठी पंप लागतो, आणि कॉकची गरज संपली. त्याच्या जागी आले ब्लिंक होणारे बार. शेवटचा बार लुकलुकायला लागला की किती उरलं? मॅन्युअलमध्ये सापडलं तर सापडलं.

मग लोक काय करतात? स्वतःच शोधून काढतात. मित्र सांगतो, ‘अरे, शून्य दाखवल्यावर पण तीस चालते, काय टेन्शन घेतोस.’ ग्रुपवर कोणीतरी पन्नास सांगतो. यूट्यूबवर गाडी बंद पडेपर्यंत चालवून दाखवणारे व्हिडिओ आहेत आणि ते आवडीने बघितले जातात. म्हणजे कंपनीने सुरक्षेसाठी ठेवलेले दोन लिटर चालवणाऱ्याने मनातल्या मनात रोजच्या वापरात धरलेले असतात. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्या पोराची गोष्टच. आणि हा माणूस उद्या दुसऱ्या कंपनीची गाडी चालवतो, जिच्यात तेवढी गाठ नाही, तेव्हा रस्त्यावर उभा राहतो.

इलेक्ट्रिक गाड्यांनी हा खेळ मोठा केलाय

पेट्रोल गाडीत ही फार तर कटकट आहे. इलेक्ट्रिक गाडीत तोच आकडा गाडी विकतो. त्यामुळे इथे गंमत अशी होते, की बॅटरी फुल असताना आकडा फुगवायचा मोह असतो आणि बॅटरी संपत आली की तोच दाबायचा.

टेस्लाबद्दल रॉयटर्सने जुलै २०२३ मध्ये जी बातमी दिली, ती याच अंगाने वाचण्यासारखी आहे. त्या बातमीनुसार, टेस्लाने साधारण दशकभरापूर्वी आपल्या गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय केली होती, की बॅटरी भरलेली असताना रेंज छान, गुलाबी दिसावी. बॅटरी निम्म्याच्या खाली गेली की आकडा वास्तवाकडे यायचा. आणि चालक अडकू नये म्हणून शून्य दाखवल्यावरही सुमारे २४ किलोमीटर जाता येईल इतकी शिल्लक ठेवलेली. रेंज कमी मिळते म्हणून सर्व्हिस सेंटरची वेळ मागणाऱ्या ग्राहकांच्या अपॉइंटमेंट रद्द करायला २०२२ मध्ये वेगळी टीम बसवली होती, असंही त्यात म्हटलं होतं. २०२३ च्या जानेवारीत दक्षिण कोरियाच्या स्पर्धा आयोगाने टेस्लाला सुमारे २८५ कोटी वॉनचा दंड केला होता. थंडीत रेंज जाहिरातीच्या निम्म्यापर्यंत घटू शकते, हे ग्राहकांना नीट सांगितलं नाही, असा ठपका होता.

टोयोटाचं नेमकं उलटं झालं. त्यांची बीझेड-फोर-एक्स ही इलेक्ट्रिक गाडी २०२२ मध्ये युरोपात आली आणि ग्राहक वैतागले. डॅशबोर्ड शून्य म्हणतोय आणि बॅटरीत बऱ्यापैकी चार्ज आहे. शिवाय बॅटरी किती टक्के आहे हेच सुरुवातीला दिसत नव्हतं. शेवटी २०२३ मध्ये कंपनीने मान्य केलं, की शून्याच्या खालची राखीव जागा जरा जास्तच झाली, आणि सॉफ्टवेअर अपडेट देऊन ती कमी केली. टक्केवारीही दाखवायला सुरुवात केली. म्हणजे ग्राहकाने पैसे मोजून घेतलेली बॅटरी त्याला वापरता यावी म्हणून कंपनीला आपलंच सॉफ्टवेअर बदलावं लागलं.

इलेक्ट्रिकमध्ये थोडी जास्त सावधगिरी मात्र समजून घ्यायला हवी. कॅनमधून वीज आणता येत नाही, गाडी टो करूनच न्यावी लागते. त्यात आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांमध्ये असलेली एलएफपी बॅटरी मोजायला अवघड आहे. तिचं व्होल्टेज बराच काळ जवळपास एकसारखं राहतं आणि शेवटाला एकदम पडतं. त्यामुळे मधल्या टप्प्यात किती चार्ज उरलाय, हे सॉफ्टवेअरला ताडावं लागतं. अशा बॅटऱ्या अधूनमधून १०० टक्के चार्ज करा, असं कंपन्या सांगतात त्याचं हे एक कारण. भरलेलं टोक सापडलं की हिशोब पुन्हा जुळतो.

भारतात जाहिरातीतली रेंज ठरते ती प्रयोगशाळेतल्या चाचणीवर, आणि त्या आकड्यावर लोकांचा विश्वास उडाल्यावर कंपन्यांनीच दुसरा आकडा द्यायला सुरुवात केली. एथरने आपल्या स्कूटरसाठी ‘ट्रू रेंज’ हा शब्द आणला. २०२२ च्या ४५०-एक्सची प्रमाणित रेंज १४६ किलोमीटर होती, कंपनी स्वतः सांगत होती १०५. टाटाने २०२४ मध्ये कर्व्ह इव्हीच्या मोठ्या बॅटरीला चाचणीतली ५८५ किलोमीटर रेंज जाहीर केली आणि सोबत सांगितलं, की प्रत्यक्षात ४०० ते ४२५ धरा. विकताना एवढा प्रामाणिकपणा दाखवता येतो, तर शून्याच्या खाली किती उरतं हे सांगायला काय हरकत आहे?

आपल्या रस्त्यांवर हा आकडा का महत्त्वाचा?

२ जानेवारी २०२४ आठवा. हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरोधात ट्रक आणि टँकरचालकांनी संप केला होता. मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या तेल कंपन्यांच्या डेपोंमधून टँकर निघेनात आणि राज्यभर पंपांवर रांगा लागल्या. त्या दिवशी ज्याची टाकी अर्धी होती तोही रांगेत होता. त्यातल्या किती जणांना आपल्या टाकीत खरंच किती दिवसांचं पेट्रोल आहे हे माहीत होतं? माहीत असतं, तर निदान अर्ध्या टाकीवाले घरी बसले असते. घाबरट आकडा एकट्यादुकट्याला पंपावर पाठवतो तेव्हा बिघडत नाही. हजारो लोकांना एकाच दिवशी पाठवतो, तेव्हा ज्याला खरी गरज आहे तो मागे राहतो.

दुसरं टोक समृद्धी महामार्गाचं. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, ५२० किलोमीटरचा. सुरुवातीला पंप आणि इतर सोयी कमी असल्याच्या तक्रारी होत्याच. अशा रस्त्यावर मोठ्या वेगाने गाडी पळवली की हवेचा विरोध वाढतो, मायलेज घसरतं आणि ‘शून्यानंतर तीस चालते’ हा शहरातला ठोकताळा चालत नाही. इथे तो सावध आकडाच ऐकायचा.

आणि हो, ई-२० चं काय? इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी मायलेजमध्ये ६ ते ७ टक्के आणि ई-२० साठी जुळवून घेतलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के घट धरली होती. डॅशबोर्ड अलीकडच्या सरासरीवर चालतो, त्यामुळे तो ही घट आपोआप पकडतो. पण दिवा लागल्यावर ५० किलोमीटर चालते, हे तुम्ही पाच वर्षांपूर्वी पाठ केलेलं असेल, तर ते ४७ वर आलं असणार. फार मोठा फरक नाही. पण शेवटच्या तीन किलोमीटरलाच पंप असतो.

मग करायचं काय?

कंपन्यांनी करायची गोष्ट सोपी आहे. दिवा लागतो तेव्हा टाकीत किती लिटर असतं ते स्क्रीनवरच लिहायचं. ‘अंदाजे ५४ किमी, राखीव २ लिटर वेगळे.’ एवढी एक ओळ. नेव्हिगेशन असलेल्या गाड्यांना पुढचा चढ-उतारही माहीत असतो, काही इलेक्ट्रिक गाड्या तो हिशोबात धरतातही. पेट्रोल गाडीला तीन आडव्या रेघा दाखवून गप्प बसण्याची काही गरज नाही.

ते होईपर्यंत आपला हिशोब आपणच काढायचा. मॅन्युअलमध्ये टाकीची क्षमता दिलेली असते, काही कंपन्या दिवा किती लिटरला लागतो तेही देतात. नसेल, तर पुढच्या वेळी दिवा लागल्या लागल्या थेट पंपावर जा आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतच भरा. टाकीच्या क्षमतेतून बिलावरचे लिटर वजा करा. दोन-तीन वेळा केलं की तुमच्या गाडीचा रिझर्व्ह किती, ते बऱ्यापैकी कळेल. त्याला तुमच्या चांगल्या मायलेजने गुणू नका, शहरातल्या ट्रॅफिकमध्ये मिळणाऱ्या वाईटात वाईट मायलेजने गुणा. जो आकडा येईल तो एका चिठ्ठीवर लिहून सन व्हायझरच्या मागे अडकवून ठेवा. गाडी घरातल्या तिघांनी चालवायची असेल, तर नक्कीच.